मंदीच्या काळातील व्यवसायवृद्धी : आढ्य रुग्ण आणि बहुकल्प औषध

वैद्यकीय नियतकालिकात पैशाविषयी लिहिताना आपल्यापैकी अनेकांना संकोच वाटतो. चरकाचार्यांना तो वाटला नव्हता. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा अशा तीन एषणा सांगताना त्यांनी प्राणांच्या खालोखाल धनाला स्थान दिले आहे. साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे ही मोठीच दुर्गती होय, असे ते म्हणतात. त्याच संहितेत रसायनाच्या अध्यायात, चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्या वैद्याची तुलना सोन्याची रास सोडून धुळीची रास कवटाळणाऱ्याशी केली आहे. ही दोन्ही वचने एकाच वेळी पाळणे हे वैद्याचे नित्याचे कर्तव्य. सुबत्तेच्या काळात ते फारसे जड जात नाही. मंदी आली की त्याची खरी कसोटी लागते.

गेल्या सतरा-अठरा वर्षांत ही कसोटी मला चार वेळा द्यावी लागली. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था बुडाली, तेव्हा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळ चिकित्सालय सुरू करून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या बातमीचा आपल्या नाडीपरीक्षेशी काही संबंध असेल असे वाटले नाही. पण दिवाळीनंतर मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांतील रात्रपाळ्या बंद होऊ लागल्या, जादा कामाचे पैसे थांबले, कंत्राटी कामगार घरी बसले आणि जानेवारीपर्यंत माझ्या चिकित्सालयातील बाके रिकामी राहू लागली. पुढे नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी, २०१९ मधील वाहनविक्रीतील घसरण आणि मार्च २०२० पासूनची टाळेबंदी या प्रत्येक वेळी हीच स्थिती थोड्याफार फरकाने अनुभवास आली. पहिल्या वेळी मी केलेल्या चुका आणि त्यातून हाती लागलेली पद्धत वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयांच्या चालकांपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मंदीत नेमके काय घटते?

रुग्णसंख्या घटली की व्याधी घटल्या असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना अतिचिंतन हे रसवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण म्हणून चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेलेच आहे. नोकरीची शाश्वती गेलेल्या माणसाला निद्रानाश, अम्लपित्त, हृद्‌द्रव, मलावष्टंभ यांचा त्रास अधिकच होतो. मग घटते ते काय?

याचे उत्तर वाग्भटाचार्यांनी एका शब्दात देऊन ठेवले आहे. चिकित्सेचे चार पाद सांगताना त्यांनी रुग्णाच्या गुणांत पहिलाच गुण ‘आढ्य’ म्हणजे साधनसंपन्न असा सांगितला आहे. वैद्याचे ऐकणारा, आपली लक्षणे नीट सांगणारा आणि सत्त्ववान हे गुण त्यानंतर येतात. मंदीत रुग्णाचे हे इतर तीन गुण कायम राहतात, आढ्यता तेवढी उणावते. पाद लंगडा झाला म्हणून चिकित्सा सोडावयाची नसते, दुसऱ्या पादाने तो भार उचलावयाचा असतो. त्याच ठिकाणी औषधाचा पहिला गुण ‘बहुकल्प’ असा दिला आहे. एकाच द्रव्यापासून अनेक कल्पना करता येणे, हा तो गुण. रुग्णाची आढ्यता जेथे कमी पडते, तेथे औषधाची बहुकल्पता उपयोगी पडते. मंदीतील व्यवसायाचे सारे सूत्र माझ्या मते या दोन शब्दांत आहे.

माझ्या तीन चुका

२००९ च्या प्रारंभी मी तीन गोष्टी केल्या. तपासणी शुल्क कमी केले, प्रतिनिधींच्या आग्रहावरून ‘दहावर दोन’ अशा स्कीममध्ये भरपूर माल भरला आणि मागेल त्याला उधारी दिली. तीनही निर्णय त्या वेळी उदार किंवा हुशारीचे वाटले होते.

मार्चमध्ये हिशेब जमेना, तेव्हा मागील वर्षाचे केसपेपर काढून बसलो. नवे रुग्ण कमी झाले होते हे खरे, पण त्याहून मोठी गळती जुन्यांची होती. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीनंतर, चिकित्सा अर्धवट असताना, अनेक जण आलेच नव्हते. त्यांना दूरध्वनी करावयास सुरुवात केली. आमवाताचा एक रुग्ण लेथ मशीनवर काम करणारा होता. त्याला चांगला उपशय मिळाला होता. तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, गुण येत होता. पण तुमचे साडेनऊशे रुपये द्यायचे राहिलेत. ते दिल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं?’’

पैसे राहू द्या, तुम्ही या, असे मी आग्रहाने सांगितले. तो आला तो जूनमध्ये. चेहरा गोल सुजलेला, रक्तातील साखर वाढलेली. मधल्या काळात आठवडी बाजारातील एका विक्रेत्याकडून तो बिननावाची ‘जडीबुटीची’ पुडी घेत होता. चार तासांत सांधे मोकळे होतात, असे तो कौतुकाने सांगू लागला. अशा पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका आपण घ्यावयासच हवी. ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून त्याला प्रथम रुग्णालयातील फिजिशियनकडे पाठवून, त्यांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवून घ्यावी लागली. माझ्या उधारीच्या वहीतील एका ओळीमुळे तो रुग्ण त्या पुडीपर्यंत पोहोचला होता. मी उदारपणा समजत होतो, पण त्याच्या दृष्टीने ते माझ्या दाराला लागलेले कुलूप होते.

त्यानंतर मी व्यवसायाची घडी पुन्हा बसवली. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे.

शुल्क आणि औषध यांची फारकत

आपल्यापैकी पुष्कळ जण तपासणीचे वेगळे शुल्क घेत नाहीत. ते औषधाच्या किमतीतच धरलेले असते. चांगल्या दिवसांत ही पद्धत सोयीची असते. मंदीत मात्र रुग्ण औषध कमी घेऊ लागला की वैद्याचे उत्पन्न आपोआप घटते आणि नकळत महागडा कल्प लिहिण्याचा मोह उत्पन्न होतो. रुग्णाच्या ऐपतीप्रमाणे स्वस्त कल्प निवडावयाचा तर वैद्याचे उत्पन्न औषधाच्या किमतीवर अवलंबून असता कामा नये. म्हणून तपासणी शुल्क वेगळे, माफक, पण ठरलेले असावे आणि औषधाची किंमत स्वतंत्रपणे सांगावी. मी कमी केलेले शुल्क पुन्हा पूर्ववत केले. त्याबद्दल एकाही रुग्णाने तक्रार केली नाही. तक्रार होती ती औषधाच्या एकूण बिलाविषयी, आणि तिचा उपाय वेगळा आहे.

बहुकल्पतेचा उपयोग

चरकसंहितेच्या उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनासाठी लागणाऱ्या संभाराची लांबलचक यादी आहे. ती राजा व धनिक यांच्यासाठी असल्याचे आचार्यच सांगतात. प्रसंगी दरिद्री रुग्णाने दुर्लभ साहित्य न जमवताही शोधन घ्यावे, कारण सर्वांजवळ सर्व साधने नसतात आणि दारुण व्याधी दरिद्री माणसाला वगळत नाहीत, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे ऐपतीनुसार चिकित्सेचे रूप बदलणे हा शास्त्राचाच आदेश आहे. व्यवहारात तो पुढीलप्रमाणे आणता येतो.

पहिली बाब सुवर्णकल्पांची. आर्थिक अस्थैर्यात सोने महागते. २००८ नंतरच्या तीन वर्षांत सोन्याचा भाव सुमारे दुप्पट झाला होता. म्हणजे रुग्णाचे उत्पन्न घटते त्याच काळात सुवर्णकल्पांची किंमत वाढते. सुवर्णमालिनी वसंत अनिवार्य असेल तेथे तो द्यावाच. परंतु जीर्णज्वरोत्तर दौर्बल्यासारख्या ज्या अवस्थेत सुवर्ण व मौक्तिक नसलेल्या लघुमालिनी वसंताने काम भागते, तेथे केवळ सवयीने पहिला लिहिणे उचित नाही.

दुसरी बाब पंचविध कषाय कल्पनांची. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच कल्पनांना बाटली, संधान आणि वाहतूक यांचा खर्च नाही. दशमूलारिष्ट परवडत नसेल तेथे दशमुळांची भरड देता येते. इंधनाची चणचण असेल तेथे हिम सुचवावा. रात्री पाण्यात भिजत घातलेल्या धण्यांचे सकाळचे पाणी पित्तप्रधान दाहात किती उपयुक्त ठरते, हे आपण जाणतोच. गुळवेल, अडुळसा, निर्गुंडी ही तर आपल्या कुंपणावरची द्रव्ये. मात्र रुग्णाला वनस्पती प्रत्यक्ष दाखवून ओळख पटवूनच सांगावे.

तिसरी बाब पंचकर्माची. रोजंदारीवरील माणसाला आठ दिवसांची सुटी परवडत नाही. कष्टाची कामे, भारवहन आणि प्रवास यांनी थकलेल्यांना मात्राबस्ती हितकर असून तीत आहार-विहाराचे कडक निर्बंध नाहीत, असे सिद्धिस्थानात म्हटले आहे. तेल थोडे लागते, वेळ थोडा लागतो, कामावर जाता येते. कटिग्रहाच्या कामगारांसाठी मी पाळी सुटल्यानंतरची संध्याकाळची वेळ राखून ठेवली. मंदीच्या त्या वर्षात माझ्या चिकित्सालयात जी एकमेव सेवा वाढली, ती ही होय.

चौथी बाब प्रतिनिधी द्रव्यांची. मेदा-महामेदांच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकांच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींच्या जागी अश्वगंधा हे पर्याय भावप्रकाशाने उघडपणे सांगितले आहेत. उघडपणे हा शब्द येथे महत्त्वाचा. सांगून केलेला बदल हा प्रतिनिधी, न सांगता केलेला बदल ही भेसळ. मंदीत कच्च्या मालाच्या बाजारात दुसरा प्रकार वाढतो, हे औषधालयचालकांना वेगळे सांगावयास नको.

उधारी

उधारी पूर्णपणे बंद करणे आपल्या समाजात शक्य नाही आणि ते योग्यही नाही. तिला मर्यादा मात्र हवी. मी पुढील नियम ठरवले आणि आजही ते पाळतो.

महिन्याचे औषध उधार देण्याऐवजी सात दिवसांचे रोखीने द्यावे. ज्याला आठवड्याला पगार मिळतो, त्याचे औषधही आठवड्याचे असावे. याने रुग्ण दर आठवड्यास दृष्टीसमोर राहतो, उपशय-अनुपशय लवकर कळतो आणि औषध वाया जात नाही. उधारी एका भेटीपुरतीच असावी. दुसऱ्या भेटीत ती फिटली नाही तर औषध आणखी साधे करावे, पण रुग्णाला रिकामे पाठवू नये. तीन महिन्यांहून जुनी आणि न फिटण्याजोगी बाकी वहीतून काढून टाकावी व तसे रुग्णाला स्पष्ट कळवावे. ‘मागचे संपले, आता नव्याने या’ हे वाक्य ऐकल्यावर परत आलेल्या रुग्णांनी, बुडालेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम पुढील वर्षभरात चिकित्सालयास दिली, असा माझा अनुभव आहे.

याच बरोबर अर्धवट चिकित्सेच्या रुग्णांची एक साधी वही ठेवावी. नाव, व्याधी, शेवटची भेट, पुढील अपेक्षित भेट एवढे चार रकाने पुरतात. अपेक्षित तारखेनंतर आठ दिवसांनी एक दूरध्वनी करावा, तोही विचारपूस म्हणून. नवा रुग्ण मिळवण्याचा खर्च आणि जुना टिकवण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

औषधालयाचे अडकलेले भांडवल

आता औषधालयाकडे वळू. समजा, एका औषधालयाचा मासिक खप खरेदीच्या किमतीने ५०,००० रुपये आहे आणि कपाटातील साठा ३,००,००० रुपयांचा आहे. याचा अर्थ सहा महिन्यांचा माल पडून आहे. द.सा.द.शे. १२ व्याजाने या साठ्यावर वर्षाला ३६,००० रुपये खर्ची पडतात, मग व्याज बँकेला भरावे लागो वा आपल्याच पैशावरील बुडो. साठा दोन महिन्यांवर म्हणजे १,००,००० रुपयांवर आणला तर २,००,००० रुपये मोकळे होतात आणि वर्षाचे २४,००० रुपये वाचतात. एकही नवा ग्राहक न आणता मिळालेले हे भांडवल आहे.

स्कीमचा हिशेबही असाच तपासावा. ‘दहावर एक’ या योजनेत प्रत्येकी १०० रुपयांचे अकरा डबे १,००० रुपयांत मिळतात. लाभ १०० रुपयांचा. महिन्याला एकच डबा खपत असेल तर पैसा सरासरी साडेपाच महिने अडकतो आणि त्यावरील व्याज सुमारे ५५ रुपये होते. उरला लाभ ४५ रुपये. त्यातील एक जरी डबा एक्स्पायरीत गेला तर लाभ संपून पदरचे जातात. दोन महिन्यांत खपेल तेवढ्याच मालावर स्कीम घ्यावी. मुदत संपलेला माल स्टॉकिस्ट परत घेणार की नाही, हे खरेदीच्या वेळीच लेखी ठरवावे.

साठा कोणत्या औषधाचा कमी करावा याचे मार्गदर्शन शार्ङ्गधराचार्यांनी केले आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत, तर गुटिका व अवलेह यांचे वर्षभरात उणावते. आसव, धातू आणि रसकल्प जुने होतील तसे गुणवान होतात, असे ते सांगतात. लेबलवरील कायदेशीर मुदत पाळणे बंधनकारक आहेच. पण खरेदीची वारंवारता या क्रमाने ठरवल्यास शास्त्र व व्यवहार दोन्ही साधतात. चूर्णे थोडी व वारंवार घ्यावीत, गुटिका मध्यम प्रमाणात, आणि साठा करावयाचाच झाला तर तो आसवारिष्टांचा करावा.

येथे २०२० चा धडा स्मरणात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी मार्चअखेर आयुष मंत्रालयाने च्यवनप्राश आणि तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा सुचवला. मागणी इतकी वाढली की माल पुरेना. अनेकांनी पुढील दोन वर्षांचा अंदाज त्या काही महिन्यांवरून बांधला आणि मागणी ओसरल्यावर च्यवनप्राशाच्या व काढ्याच्या पाकिटांनी भरलेली कपाटे तशीच राहिली. तेजीत केलेली खरेदी मंदीत फेडावी लागते.

सवलत आणि जाहिरात

मंदीत पहिला विचार सूट देण्याचा येतो. ८० रुपयांना घेतलेले औषध १०० ला विकताना २० रुपये सुटतात. दहा टक्के सूट दिली की १० रुपयेच सुटतात. म्हणजे पूर्वीइतकी प्राप्ती होण्यासाठी खप दुप्पट व्हावा लागतो. औषध ही गरजेपुरतीच घेण्याची वस्तू असल्याने तो तसा होत नाही. सूट देण्याऐवजी लहान पॅकिंग, सुटी भरड, घरपोच सेवा आणि काढा कसा करावा याची छापील चिठ्ठी दिल्यास ग्राहक अधिक टिकतो.

दुसरा मोह जाहिरातीचा. मधुमेह, रक्तदाब, स्थूलता, कर्करोग अशा व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार गुन्हा ठरते. कायदा बाजूला ठेवला तरी, हातात पैसा नसलेला रुग्ण अशा जाहिरातीवर अखेरचे पैसे खर्च करतो आणि निराश झाल्यावर एका वैद्यावर नव्हे तर आयुर्वेदावरच रुसतो. त्याची भरपाई आपणा सर्वांना करावी लागते.

वैद्य आणि औषधालय यांचे सहकार्य

वैद्य काय लिहिणार हे औषधालयास ठाऊक नसते, म्हणून ते सर्वच कंपन्यांचा सर्वच माल ठेवते आणि भांडवल अडकते. वैद्याने महिन्याच्या प्रारंभी आपल्या नेहमीच्या तीस-चाळीस कल्पांची यादी द्यावी व ऋतू बदलताना ती बदलावी. वर्षा ऋतूत बस्तीची तेले व क्वाथद्रव्ये, शरदात विरेचनाची, वसंतात वमनाची द्रव्ये असा क्रम ठरलेलाच आहे. मात्र या यादीच्या मोबदल्यात कमिशन ठरवू नये. ते ठरले की वर सांगितलेली शुल्क व औषध यांची फारकत पुन्हा संपते.

एका भागातील चार-पाच सभासदांनी मिळून हिरडा, बेहडा, आवळा यांसारखी द्रव्ये हंगामात एकत्र खरेदी केल्यास भाव कमी पडतो आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्चही विभागला जातो. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात उत्पादन परवान्यातून सूट आहे. ती सूट स्वतःच्या रुग्णांपुरतीच आहे. तेच औषध शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवता येत नाही, याचे भान असावे.

समारोप

२०१० मध्ये कारखान्यांच्या पाळ्या पूर्ववत झाल्या. मंदीत आठवड्याचे औषध नेणारे कामगार आता आई-वडिलांना घेऊन येऊ लागले, गावाकडच्या नातेवाइकांना पाठवू लागले. माझा व्यवसाय वाढला तो तेव्हा. पण ती वाढ मंदीच्या वर्षातच पेरली गेली होती. नंतरच्या तीनही वेळी तीच वही, तेच सात दिवसांचे औषध आणि तोच दोन महिन्यांचा साठा यांनी साथ दिली. २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या काही आठवड्यांत जमा जवळजवळ शून्यावर आली, तरी कोणाचे देणे थकले नाही, याचे कारण कपाटात पैसा अडकलेला नव्हता.

तो आमवाताचा रुग्ण आजही येतो. आता निवृत्त आहे. दर वेळी औषध घेण्याआधी पैसे काढून मेजावर ठेवतो, आणि मी ते मोजत नाही.

पुढील मंदी केव्हा येईल हे सांगणे आपले शास्त्र नव्हे. पूर्वरूपे दिसण्याची वाट न पाहता पथ्य सुरू करावे, एवढे मात्र आपले शास्त्र सांगते. या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात, अशी नम्र सूचना आहे. वैद्यांनी गेल्या सहा महिन्यांतील अर्धवट सुटलेल्या रुग्णांचे केसपेपर काढावेत, आणि औषधालयचालकांनी सहा महिन्यांत हात न लागलेल्या मालाची यादी करावी. आपल्या व्यवसायाचे निदान या दोन कागदांत सापडेल.